थंडी खालून येते

दिवाळीचा फराळ संपता संपता डोंगरभटक्यांच्या घरी माळ्यावरच्या सॅक खाली उतरतात. कुणाला डिसेंबरात केदारकंठा गाठायचा असतो, कुणी मे महिन्यातल्या हर की दूनची तयारी आधीच सुरू करतो, तर कुणी सह्याद्रीच्या धारेवरून आठ-दहा दिवसांची लांब वाटचाल आखत असतो. मग खरेदीच्या याद्या होतात. बूट कोणते, जॅकेट कोणते, स्लीपिंग बॅग उणे किती अंशांची, यावर महिनाभर खल चालतो. यादीच्या तळाशी ‘मॅट’ एवढाच शब्द असतो आणि तिचा निकाल दुकानात पाच मिनिटांत लागतो. हलकी कोणती, जाड कोणती, स्वस्त कोणती, एवढेच विचारले जाते. ती किती ऊब राखते, हे क्वचितच कुणी विचारतो.

खरे तर थंड प्रदेशात रोज चालून रोज जमिनीवर पाठ टेकणाऱ्या माणसाची झोप, आणि झोपेबरोबर त्याची प्रकृती, या मॅटवर अवलंबून असते. त्यामुळे फुगवता येणारी मॅट ही चैनीची वस्तू आहे की गरजेची, हा वाद निरर्थक आहे. ती आरोग्याचे साधन म्हणूनच निवडली पाहिजे. आणि निवडताना जाडी किंवा किंमत पाहण्याआधी तिचा मोजलेला उष्णतारोध पाहिला पाहिजे.

स्लीपिंग बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही. तिच्यातली पिसे किंवा कृत्रिम धागे आपल्या पोकळ्यांमध्ये हवा अडकवून ठेवतात आणि ही स्थिर हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. पण माणूस बॅगेत शिरून आडवा झाला की त्याच्या वजनाखाली पिसे दबतात, त्यांतली हवा निघून जाते आणि पाठीखाली उरतात ती फक्त कापडाची दोन पातळ अस्तरे. वरून उणे दहा अंश पेलणारी बॅग खालून जवळपास उघडीच असते. बॅगेवर छापलेला अंशांचा आकडासुद्धा प्रयोगशाळेत खाली उष्णतारोधक मॅट घालूनच ठरवलेला असतो. मॅट तकलादू असेल तर महागड्या बॅगेवरच्या त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

त्यातून जमिनीची भूक मोठी. तंबूतली हवा माणसाच्या अंगाने थोडीफार तरी उबदार होते; जमीन मात्र कितीही उष्णता दिली तरी ती आत आत ओढत राहते. कोरड्या मातीपेक्षा ओली माती आणि मातीपेक्षा खडक उष्णता अधिक वेगाने नेतो. सह्याद्रीतल्या गुहेच्या किंवा देवळाच्या फरशीवर जानेवारीत पाठ टेकलेल्याला याचा पुरावा लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या माणसांनी हे शास्त्राच्या नावाशिवाय ओळखले होते. रानात मुक्काम करणारा धनगर अंगावर जितक्या काळजीने घोंगडी घेतो तितक्याच काळजीने खालीही अंथरतो, आणि थंडीत खळ्यावर निजणारा शेतकरी अंगाखाली भाताचा पेंढा पसरतो. पेंढ्याच्या पोकळ काड्या आणि लोकरीचे धागे हवा धरून ठेवतात. आधुनिक मॅट यापेक्षा वेगळे काही करत नाही, फक्त कमी वजनात करते.

ढोबळ हिशेब केला तर फरक किती मोठा आहे ते कळते. मॅटचा उष्णतारोध ‘आर-मूल्य’ या आकड्याने सांगतात. आकडा जितका मोठा, तितकी उष्णता कमी निसटते. समजा, त्वचा ३३ अंश सेल्सिअसवर आहे, जमीन ३ अंशांवर आहे आणि शरीराचा साधारण ०.४ चौरस मीटर भाग मॅटला टेकला आहे. मॅटचे आर-मूल्य १ असेल तर जमिनीकडे सुमारे ६८ वॅट उष्णता जाईल. आर-मूल्य ४ असेल तर फक्त १७ वॅट. झोपलेला प्रौढ माणूस जेमतेम ७० ते ८० वॅट उष्णता निर्माण करतो. म्हणजे पहिल्या मॅटवर त्याची जवळजवळ सगळी कमाई एकट्या जमिनीच्या घशात जाते. प्रत्यक्षात त्वचा गार पडत जाते आणि कपड्यांचाही थोडा आधार असतो, त्यामुळे आकडे थोडे बदलतील. पण दोन मॅटमधले अंतर बदलणार नाही.

याचा झोपेशी संबंध सरळ आहे. झोप लागताना शरीराच्या आतले तापमान हळूहळू उतरू लागते आणि रात्रीतून साधारण एका अंशाने कमी होते. त्यासाठी हातापायांच्या त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उष्णता बाहेर सोडतात. अंगाला गार लागत असेल तर शरीर उलट वागते. ते या वाहिन्या आवळून घेते, पावले बर्फासारखी होतात आणि झोप दूर पळते. गारवा वाढला की हुडहुडी भरते. हुडहुडी म्हणजे स्नायूंनी उष्णतेसाठी केलेली मजुरी. दिवसभर दहा-बारा किलोची सॅक वाहून थकलेले स्नायू रात्रीही कामाला जुंपले, तर त्यांना दुरुस्तीला वेळ मिळणार कधी?

निरोगी प्रौढाला रोज किमान सात तास झोप हवी, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. एखादी रात्र वाया गेली तर माणूस दुसऱ्या दिवशी जांभया देत का होईना, चालतो. पण लांबच्या वाटचालीत रात्री साचत जातात. लक्ष ढळते, निर्णय चुकतात, उतारावर पाऊल कुठे टाकावे याचा अंदाज बिघडतो. हिमालयात उंचीमुळे श्वासाची लय रात्री तशीही बिघडते आणि झोप तुटक होते. त्यात थंडीची भर पडू देणे शहाणपणाचे नाही. थंडी अंगात फारच मुरली आणि शरीराच्या आतले तापमान ३५ अंशांखाली गेले, तर त्याला हायपोथर्मिया म्हणतात. जीभ जड होते, बोटांना साधी गाठ सुटत नाही, चाल अडखळते, माणूस विनाकारण चिडतो किंवा गप्प होतो. अशा माणसावर पांघरुणे घालण्याइतकेच, किंबहुना त्याआधी, त्याच्या अंगाखाली काहीतरी घालणे महत्त्वाचे असते. मॅट नसेल तर रिकामी सॅक, दोर, जादा कपडे, वाळलेले गवत, जे हाताशी असेल ते.

इथे एक जुना समज आडवा येतो. कठीण जमिनीवर झोपणे पाठीला चांगले, मऊ अंथरूण हे शहरी लाड, असे आपल्याकडे अनेकांना वाटते. कंबरदुखीच्या बाबतीत तरी हे तपासून पाहिले गेले आहे. २००३ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्पेनमधल्या ३१३ कंबरदुखीच्या रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यापैकी काहींना कडक गाद्या दिल्या होत्या, काहींना मध्यम कडक. ९० दिवसांनी मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांचे दुखणे अधिक कमी झालेले आढळले. ही चाचणी घरातल्या पलंगावरची होती, तंबूतली नव्हे. तरीही कडक तेच हितकर, हा आग्रह तिने सैल केला. कुशीवर झोपणाऱ्याच्या तर खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर सगळा भार येतो. पातळ मॅटवर ही हाडे जमिनीला टेकतात, हात बधिर होतो आणि रात्रभर कूस बदलण्यातच जाते. अशांना सात-आठ सेंटिमीटर जाडीची हवेची मॅट खरोखर सोयीची. पाठीवर शांत झोपणाऱ्याचे त्याहून कमी जाडीत भागते.

पण आरामासाठी जाडी आणि उबेसाठी उष्णतारोध या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बाजारात नेमकी इथेच फसगत होते. गुंडाळी करून सॅकला बाहेरून बांधलेली फोमची कॅरीमॅट सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिच्या फोममध्ये हजारो बारीक बंद पोकळ्या असतात आणि प्रत्येकीत थोडी हवा कोंडलेली असते. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत सिएटल इथे बोईंग कंपनीतून नोकरी गेलेल्या जिम ली आणि नील अँडरसन या अभियंत्यांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी मोकळ्या छिद्रांचा फोम हवाबंद पिशवीत चिकटवला आणि तिला झडप लावली. झडप उघडली की दाबलेला फोम पसरतो, आपोआप हवा ओढून घेतो आणि मॅट फुगते. आजच्या हलक्या मॅटमध्ये तो फोमही उरलेला नाही. आत बहुतांशी हवाच असते.

स्थिर हवा उष्णतेला रोखते हे खरे, पण मोठ्या पोकळीतली हवा स्थिर राहत नाही. माणूस हलला की ती इकडून तिकडे जाते, वरची ऊब खाली आणि खालचा गारवा वर पोहोचवते. शिवाय एका थराकडून दुसऱ्याकडे उष्णतेचे प्रारणही चालूच असते. म्हणून चांगल्या मॅटमध्ये पोकळीचे लहान लहान कप्पे करतात, उष्णता परतवणारे चमकदार पातळ पडदे बसवतात किंवा कृत्रिम धागे अथवा पिसे भरतात. यातले काहीच नसलेली, नुसत्या हवेची दहा सेंटिमीटर जाड मॅट समुद्रकिनाऱ्यावर झकास आणि बर्फालगतच्या तळावर घातक. बोटभर जाडीची फोमची कॅरीमॅट तिच्यापेक्षा अधिक उबदार असू शकते.

म्हणूनच आर-मूल्याला महत्त्व. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने हा आकडा काढत असे आणि दोन कंपन्यांच्या आकड्यांची तुलना करता येत नसे. २०१८ मध्ये एएसटीएम या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ‘एफ ३३४०’ ही एकच चाचणीपद्धत आणली. त्वचेइतकी उबदार एक पट्टी वर, थंडगार एक पट्टी खाली, मध्ये मॅट. वरच्या पट्टीचे तापमान टिकवायला किती ऊर्जा लागते यावरून आकडा निघतो. ढोबळमानाने, उन्हाळी आणि मैदानी मुक्कामाला आर-मूल्य २ पर्यंत पुरते; गारठ्याच्या रात्रींना २ ते ४; जमीन गोठण्याच्या आसपास असेल तर ४ ते ५.५, बर्फावर किंवा गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या ‘चादर’सारख्या वाटेवर त्याहून अधिक. या आकड्याचा आणखी एक गुण असा की त्याची साधी बेरीज होते. २ ची फोमची मॅट आणि तिच्यावर ३ ची हवेची मॅट घातली तर ५ मिळतात.

हा आकडाही सर्वांना सारखा लागू होत नाही. स्नायूंचे प्रमाण सरासरीने कमी असल्याने स्त्रियांचे शरीर विश्रांतीत कमी उष्णता निर्माण करते. स्लीपिंग बॅगच्या आंतरराष्ट्रीय मानकातही ‘आरामदायी तापमान’ हे स्त्रीच्या शरीराला धरून आणि ‘खालची मर्यादा’ ही पुरुषाच्या शरीराला धरून ठरवली जाते. तेव्हा मैत्रिणींचा गट, पन्नाशीनंतर डोंगरांकडे वळलेली मंडळी आणि अंगाने सडपातळ तरुण यांनी वरच्या यादीतली एक पायरी चढून मॅट घ्यावी. नवऱ्याला पुरली म्हणून बायकोला पुरेल, हे गणित इथे चुकते.

वजनाचा मुद्दा मात्र खरा आहे. अमेरिकेतला ॲपालेशियन ट्रेल सुमारे ३,५०० किलोमीटरचा आणि पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल सुमारे ४,२६५ किलोमीटरचा. या वाटा एका दमात पुऱ्या करणारे चार-पाच महिने चालतात आणि दात घासायच्या ब्रशची दांडीही कापून वजन वाचवतात. त्यांच्या दृष्टीने हवेच्या मॅटचे आकर्षण उघड आहे: साडेतीनशे ते पाचशे ग्रॅममध्ये ४ किंवा त्याहून अधिक आर-मूल्य मिळते आणि गुंडाळी पाण्याच्या बाटलीएवढी होते. चारशे ग्रॅमची फोमची मॅट देते फक्त २. पण फोमला भोक पडत नाही. दक्षिण कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले निवडुंगाचे काटे असोत की आपल्याकडची करवंद आणि बाभूळ, हवेच्या मॅटचा शत्रू सगळीकडे आहे. शेकोटीची एक ठिणगीही पुरते. म्हणून लांब पल्ल्याचे अनेक अनुभवी चालणारे हवेच्या मॅटखाली फोमचा काही मिलिमीटर जाडीचा पत्रा अंथरतात. काटा अडतो, मॅट घसरत नाही आणि दुपारी बसायलाही तो चालतो.

हिमालयात आठवडाभर किंवा त्याहून जास्त चालणाऱ्याने हीच रीत आणखी पक्की करावी. एकच महागडी, सर्वांत उबदार हवेची मॅट घेण्यापेक्षा मध्यम उबेची हवेची मॅट आणि पूर्ण लांबीची फोमची मॅट, अशी जोडी न्यावी. चारशे ग्रॅम वाढतील. पण चौथ्या रात्री, वस्तीपासून दोन दिवसांच्या अंतरावर हवा गेली तरी अंगाखाली काहीतरी उरेल. एकाच वस्तूवर सगळी भिस्त ठेवणे हा डोंगरातला सर्वांत वाईट हिशेब.

वापरातल्या काही गोष्टी विकत मिळत नाहीत, त्या माहीत असाव्या लागतात. चार हजार मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६० टक्के असतो. तिथे तोंडाने मॅट फुगवताना धाप लागते, डोके हलके होते. शिवाय श्वासातली वाफ आत जाऊन ओल धरते. सोबत मिळणारी पंपाची पिशवी वापरावी. संध्याकाळी २० अंशांच्या हवेने फुगवलेली मॅट रात्री शून्यापर्यंत गार झाली की आतल्या हवेचे आकारमान सुमारे सात टक्क्यांनी घटते. पहाटे मॅट नरम लागली म्हणजे भोक पडलेच असे नाही. निजण्याआधी पुन्हा दोन फुंकर हवा भरली की भागते. भोक पडलेच तर सायकलवाल्याची युक्ती: मॅट पाण्यात धरायची आणि बुडबुडे कुठून येतात ते पाहायचे. ठिगळाचा संच मॅटच्या पिशवीतच ठेवावा आणि नवी मॅट निघण्याआधी घरात एक रात्र फुगवून, तिच्यावर झोपून पाहावी.

याचा अर्थ प्रत्येकाने हजारो रुपयांची मॅट घ्यावी, असा मुळीच नाही. सह्याद्रीत वर्षातले बहुतेक मुक्काम काही शे रुपयांच्या कॅरीमॅटवर सुखाने होतात. कडाक्याच्या थंडीत अशा दोन मॅट एकावर एक घातल्या, किंवा तिच्या जोडीला जाड घोंगडी नेली, तरी पुष्कळ झाले. योगासनांची मॅट मात्र या कामाची नाही. ती पाय न घसरण्यासाठी असते, ऊब राखण्यासाठी नव्हे. ज्याला वर्षातून एकदाच हिमालयात जायचे आहे, त्याने चांगली मॅट भाड्याने घ्यावी. आक्षेप स्वस्त मॅटवर नाही, आकडा न सांगणाऱ्या मॅटवर आहे. बाजारातल्या अनेक फुगवायच्या मॅटवर वजन असते, जाडी असते, रंग असतो, ‘सर्व ऋतूंसाठी’ असा शिक्काही असतो. नसते ते आर-मूल्य. कपड्यावर सुताचे प्रमाण आणि बल्बवर वॅट छापतात, तसा हा आकडा आणि तो कोणत्या पद्धतीने मोजला ते, मॅटवर छापलेच पाहिजे. ग्राहकांनी विचारायला सुरुवात केली तर विक्रेत्यांना उत्तर शोधावे लागेल.

हाच प्रश्न ट्रेक आयोजकांनाही विचारायला हवा. ‘तंबू, स्लीपिंग बॅग आणि मॅट पुरवू’ एवढे माहितीपत्रकात लिहून चालणार नाही. कोणत्या उंचीवरच्या मुक्कामाला किती आर-मूल्याची मॅट मिळेल, ती किती जुनी आहे, हे पैसे भरण्याआधी कळले पाहिजे. दाबून दाबून पापडासारखी झालेली फोमची मॅट ही नावापुरतीच मॅट असते. पहिल्यांदाच हिमालयात जाणारी कॉलेजची मुले हे विचारत नाहीत, कारण असे काही विचारायचे असते हेच त्यांना माहीत नसते. ते सांगण्याची जबाबदारी नेणाऱ्याची.

आणि ही जबाबदारी पाहुण्यांच्या तंबूपाशी संपत नाही. सामान वाहणारे पोर्टर, खेचरवाले, पहाटे चारला चहा देणारे स्वयंपाकी हेही त्याच जमिनीवर झोपतात. त्यांच्यातले काही स्वयंपाकाच्या तंबूत ताडपत्री अंथरून रात्र काढतात. थंडीची सवय असली तरी त्यांच्या अंगाची उष्णता जमीन काही कमी ओढत नाही. आयोजकाची निवड करताना ‘तुमची माणसे कशावर झोपतात?’ असा प्रश्न विचारणाऱ्यांची संख्या वाढली, तर काहीशे रुपयांच्या मॅट त्यांच्याही वाट्याला येतील. खरेदीची यादी करताना मॅट तळाशी न ठेवता बॅगेच्या वर लिहावी, आणि तिच्यापुढे रंगाऐवजी एक आकडा लिहावा. सुरुवात तिथून होते.